पचमढी कोणी ‘शोधली’? महादेवाच्या डोंगरातल्या एका गावाची तपासणी

पचमढीला जाऊन आलेल्या प्रत्येकाने एक वाक्य ऐकलेलं असतं. जिप्सीवाला सांगतो, हॉटेलच्या पत्रकात छापलेलं असतं, शाळेच्या सहलीतली मुलं वहीत उतरवून आणतात: कॅप्टन फॉरसिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८५७ साली पचमढी शोधून काढली. वाक्य छोटं, लक्षात राहायला सोपं. पण त्यातले दोन शब्द तपासावे लागतात. एक म्हणजे १८५७ हे साल, आणि दुसरा म्हणजे ‘शोधली’ हे क्रियापद.

मी पेशाने सिव्हिल इंजिनिअर. रस्ते, पूल, कालवे यांत आयुष्य गेलं, इतिहासाची पदवी नाही. पण रस्त्याच्या कामात एक सवय लागते. कुठलीही जागा पाहिली की पहिला विचार येतो, इथे माणूस पूर्वी कुठल्या बाजूने चढत असेल? पचमढीला मी चार वेळा गेलो, त्यातल्या शेवटच्या दोन वेळा मुद्दाम याच प्रश्नासाठी. त्या फिरण्यातून आणि घरी बसून केलेल्या वाचनातून जे हाती आलं ते मंडळासमोर ठेवतो आहे. इंदूरच्या आपल्या मंडळाने हा विषय का घ्यावा, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर लेखातच येईल. पचमढीच्या गोष्टीत मराठी माणूस तीनदा येतो आणि तिन्ही वेळा पत्रकातून गळतो.

आधी जागा समजून घेऊ

पचमढी हे नर्मदापुरम् (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यातलं लहानसं गाव. उंची सुमारे १,०६७ मीटर. इटारसी-जबलपूर रेल्वेवरच्या पिपरियाला उतरायचं, मटकुलीपर्यंत सपाटीने जायचं आणि तिथून देनवा नदी ओलांडून घाट चढायचा. मटकुली सोडली की जंगल सुरू होतं ते गावाची कमान येईपर्यंत संपत नाही. गावाच्या चहू बाजूंना सातपुडा राष्ट्रीय उद्यान, बोरी अभयारण्य आणि पचमढी अभयारण्य. गाव म्हणजे या हिरव्या कापडाला पडलेलं एक भोक, असं नकाशावर दिसतं.

पठार वालुकाश्माचं आहे. आपण माळव्यातली माणसं काळ्या बेसाल्टला सरावलेलो, त्यामुळे तिथला लालसर-पिवळा, हाताने चोळला तर वाळू सुटणारा दगड पाहून नवल वाटतं. हा दगड पाण्याने सरळ उभा कापला जातो. म्हणून तिथे हांडी खोह सारख्या खोल दऱ्या आहेत, कड्यांच्या पोटात नैसर्गिक छपऱ्या आहेत आणि झऱ्याचं पाणी बारा महिने आहे. दगड पावसाचं पाणी पितो आणि सावकाश सोडतो. आजही गावाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार जमुना प्रपात म्हणजे बी फॉलच्या प्रवाहाचा आहे.

या तीन गोष्टींचा अर्थ इंजिनिअरला लगेच कळतो. उभे कडे म्हणजे संरक्षण. दगडी छपऱ्या म्हणजे आयता निवारा. बारमाही पाणी म्हणजे वस्ती. अशी जागा १८५७ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हती हे मुळातच पटत नाही. आणि पुरावाही तेच सांगतो. या छपऱ्यांच्या भिंतींवर पांढऱ्या आणि गेरूच्या रंगात शेकडो चित्रं आहेत: शिकारी, घोडेस्वार, मध काढणारी माणसं, ढोल आणि नाच. १९३० च्या दशकात हंटर यांनी इथल्या ‘डोरोथी डीप’ या गुहेत उत्खनन केलं, गॉर्डन यांनी चित्रांचा अभ्यास केला. गारगोटीची बारीक हत्यारं तिथे सापडली. ज्या पाच गुहांवरून ‘पंच-मढी’ हे नाव पडलं म्हणतात, त्यांना लोक पांडवांच्या म्हणतात. पण त्यांची घडण बौद्ध काळाकडे बोट दाखवते.

म्हणजे ‘शोधली’ हा शब्द इथेच गडगडतो. पण मला त्याहून जवळचा, कागदोपत्री पुरावा हवा होता. तो मिळतो नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासात.

अप्पासाहेब भोसले, १८१८

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि नागपूरचे मुधोजी उर्फ अप्पासाहेब भोसले इंग्रजांपुढे हरले. काही अटींवर त्यांना गादी परत मिळाली. पण मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने त्यांना पुन्हा पकडलं. इंग्रजांविरुद्ध फितुरी आणि चुलतभाऊ परसोजी यांचा खून असे आरोप ठेवले. अप्पासाहेबांचा हात त्या खुनात होता की नाही, हा वेगळा विषय आहे आणि मी त्यांना इथे नायक म्हणून आणत नाही. आपल्याला त्यांची वाट पाहायची आहे.

कैदेत त्यांना अलाहाबादच्या किल्ल्याकडे नेत होते. मे १८१८ मध्ये जबलपूरच्या अलीकडे रायचूर नावाच्या मुक्कामावर पहाऱ्यावरचे काही शिपाई फोडून, शिपायाचाच वेष करून ते रात्रीत निसटले. निसटलेला राजा कुठे जाईल? नागपुरात इंग्रज, नर्मदेच्या काठाने इंग्रज. ते गेले महादेवाच्या डोंगरात. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशहा याने त्यांना आसरा दिला. तिथे अरब शिपाई जमले, गोंड आणि कोरकू जमले, आणि पळत असलेला चीतू पेंढारीही येऊन मिळाला. त्या पावसाळ्यात मुलताईच्या बाजूला कॅप्टन स्पार्क्सची तुकडी या लोकांनी कापून काढली. स्पार्क्स स्वतः मारला गेला.

हे बंड जवळजवळ नऊ महिने टिकलं. का टिकलं, ते नकाशा पाहिला की समजतं. उत्तरेकडून देनवा पठाराला कवेत घेऊन वाहते आणि तिच्यामागे कडे आहेत. पावसाळ्यात त्या काळच्या तोफा आणि बैलगाड्या तिथून वर नेणं अशक्य. दक्षिणेकडून, तामियाच्या बाजूने वाटा आहेत, पण त्या गोंड-कोरकूंच्या माहितीतल्या. म्हणून कर्नल अ‍ॅडम्सला हिवाळा संपत येईपर्यंत थांबावं लागलं. फेब्रुवारी १८१९ मध्ये त्याच्या तुकड्या वेगवेगळ्या बाजूंनी डोंगरात शिरल्या. तोवर अप्पासाहेब पश्चिमेकडे असीरगडाच्या दिशेला निघून गेले होते.

पुढचा भाग आपल्या घराजवळचा आहे. चीतू याच पळापळीत सतवास-कांटाफोडच्या बाजूच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला. माल्कम यांनी हे लिहून ठेवलं आहे. असीरगडचा शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने एप्रिल १८१९ मध्ये किल्ला खाली केला, तेव्हा अप्पासाहेब त्यात नव्हते. ते पंजाबात गेले आणि अखेर जोधपूरच्या मानसिंहांच्या आश्रयाला राहिले. १८४० मध्ये तिथेच वारले.

मुद्दा एवढाच. फॉरसिथच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी इंग्रजांची फौज या डोंगरात येऊन गेली होती. त्या मोहिमेचे खलिते आहेत, हुकूम आहेत. ज्यांच्या स्वतःच्या फौजेने जागा घेरली, त्यांनीच ती पुढे ‘शोधली’ म्हणायची, हे गंमतीचं आहे.

तात्या टोपे आणि भभूतसिंह

दुसऱ्यांदा मराठी पावलं इथे उमटली ती १८५८ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी. तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी ऑक्टोबरच्या अखेरीला होशंगाबाद आणि नरसिंगपूर यांच्या दरम्यान नर्मदा ओलांडली. दक्षिणेत उतरून नागपूरकर मुलुखात पुन्हा उठाव पेटवायचा, हा बेत. सातपुडा उतरून ते मुलताईला पोचले. पण पुढची दारं बंद झालेली दिसली, तेव्हा पश्चिमेला वळून निमाडातून बडोद्याच्या बाजूला गेले.

या डोंगरातल्या ज्या लोकांनी त्यांना मदत केली त्यांत हर्राकोटचे भभूतसिंह हे नाव आजही स्थानिक लोक आदराने घेतात. पुढे इंग्रजांनी त्यांना पकडून मारलं. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत झाली, ती त्यांच्या स्मरणार्थ होती, आणि पचमढी अभयारण्याला त्यांचं नाव देण्याचं ठरलं. १८१८ मध्ये चैनशहा आणि १८५८ मध्ये भभूतसिंह. मराठी सत्तेचा माणूस दोन वेळा पळत आला आणि दोन्ही वेळा डोंगरातल्या माणसाने त्याच्यासाठी आपलं सगळं पणाला लावलं. आपल्या मराठी पुस्तकांत अप्पासाहेब आणि तात्या असतात. चैनशहा आणि भभूतसिंह यांना एखादी ओळ मिळते, तीही नेहमी नाही. पत्रक आपल्याला गाळतं म्हणून तक्रार करताना, आपण कुणाला गाळतो हेही पाहायला हवं.

मग फॉरसिथने काय केलं?

पुष्कळ केलं, आणि ते नाकारायचं कारण नाही. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा प्रांत १८६१ च्या अखेरीला तयार झाला. नव्या प्रांताला जंगलांची मोजदाद हवी होती, कारण रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग आणि साल दोन्ही लागत होते. पिअर्सन यांच्या हाताखाली जेम्स फॉरसिथ या कामावर आला आणि जानेवारी १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर चढला. हे त्याच्याच ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या पुस्तकात आहे. ते १८७१ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी छापलं गेलं. म्हणजे पत्रकातलं १८५७ हे साल खुद्द फॉरसिथच्या पुस्तकाशीही जुळत नाही.

वर पोचल्यावर त्याला कोरकूंची वस्ती भेटली, त्यांचा ठाकूर भेटला. महादेवाच्या डोंगरातले हे कोरकू सरदार ‘भोपा’ म्हणवले जात आणि देवस्थानाची राखण पिढीजात त्यांच्याकडे होती. यात्रेकरूंचं येणं-जाणं होतं, हेही त्याने लिहिलं. रिकाम्या जागेचा दावा त्याने केलेला नाही. तो दावा नंतरच्या लोकांनी त्याच्या नावावर चढवला.

त्याने बांधलेलं ‘बायसन लॉज’ आज उभं आहे. वनखात्याचं संग्रहालय आहे त्यात. जुनी बांधणी पाहायची आवड असेल त्याने तिथे अर्धा तास काढावा. त्यानंतर पचमढी झपाट्याने बदलली: सैन्याची छावणी आली, १८७५ चं ख्राइस्ट चर्च आलं, बंगले आले, आणि प्रांताची उन्हाळी राजधानी म्हणून तिचं नाव झालं. शेजारचं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं, देशातल्या अगदी पहिल्या राखीव जंगलांपैकी ते आहे. तेव्हा अचूक वाक्य लिहायचं तर असं लिहावं लागेल: फॉरसिथने १८६२ मध्ये पचमढी इंग्रजी प्रशासनाच्या वापरात आणली. वाक्य जरा लांब होतं, पण खरं आहे.

एक दुरुस्ती जाता जाता. पचमढीजवळचं त्रिशुळांचं चौरागढ आणि गोंड राजा संग्रामशहाचा चौरागढ किल्ला एक नव्हेत. किल्ला नरसिंगपूर जिल्ह्यात, गाडरवाड्याच्या बाजूला आहे. राणी दुर्गावतीचा मुलगा वीरनारायण १५६४ मध्ये असफखानाशी लढताना पडला तो तिथे. बऱ्याच लेखांत ही दोन ठिकाणं एक केलेली मी पाहिली आहेत.

दक्षिणेची वाट

आता तिसरी मराठी पावलं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. राजा नाही, सेनापती नाही. साधे लोक.

पर्यटक पचमढीला उत्तरेकडून, पिपरियाहून चढतो. तो रस्ता इंग्रजांचा. विदर्भातला शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडून चढत आला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या जुन्नारदेवला ‘पहिली पायरी’ म्हणतात. तिथे पहिलं दर्शन, मग दऱ्या-डोंगर ओलांडत भुरा भगत, आणि शेवटी चौरागढच्या हजाराहून जास्त पायऱ्या. नवस फिटला की त्रिशूळ खांद्यावर घेऊन जायचं आणि वर वाहायचं. काही त्रिशूळ माणसाच्या उंचीहून मोठे असतात. वर शिखरावर गंजलेल्या लोखंडाचं रान झालं आहे. इंजिनिअर म्हणून मी ते वजन मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं. वजनापेक्षा ते वाहून आणणारे खांदे मोजायला हवेत.

वर्षातून दोन वेळा ही माणसं येतात. एक महाशिवरात्रीला, आणि दुसरी नागपंचमीच्या आधीच्या दहाएक दिवसांत, नागद्वारला. इथे पंचांगाची एक गंमत आहे. तिकडचे हिंदी लोक म्हणतात यात्रा सावनची, आणि आमचे विदर्भातले भगत म्हणतात निम्मी आषाढाची. दोघंही बरोबर. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. तिथी तीच, महिन्याचं नाव वेगळं. जुनी कागदपत्रं वाचताना हा फरक ध्यानात ठेवला नाही तर एकाच यात्रेच्या दोन यात्रा होतात.

नागद्वारची वाट राष्ट्रीय उद्यानाच्या आतून जाते. एरवी तिथे पाऊल टाकायची मनाई, फक्त या दिवसांत वनखातं ती मोकळी करतं. काजरी, पद्मशेष, चिंतामणी, स्वर्गद्वार अशी ठिकाणं करत, भर पावसात, निसरड्या दगडांवरून, कुठे लोखंडी शिड्या लावलेल्या तिथून चढत लोक जातात. मी गेलो त्या दिवशी ढग इतके खाली होते की पुढच्या माणसाची फक्त टोपी दिसत होती, आणि ऐकू येत होतं ते सगळं मराठी. मध्य प्रदेशच्या ऐन जंगलात! समोरून येणारा प्रत्येक जण ‘भगत’ म्हणून हाक मारतो, बाई असो की पुरुष. जागोजागी नागपूर-अमरावतीकडच्या मंडळांनी ताडपत्र्या ठोकून अन्नछत्रं लावलेली असतात. पिठलं-भात, गरम चहा, पैसे घेत नाहीत.

एका छत्रात वर्ध्याकडच्या साठीच्या एक बाई भेटल्या. मी विचारलं, “ताई, कितव्यांदा?” म्हणाल्या, “माह्या आजीच्या पाठीवर बसून आली होती पह्यल्यांदा. मंग मोजलं नाही.”

मी म्हटलं, “पचमढी इंग्रजानं शोधली म्हणतात.”

त्या हसल्याच. “महादेव कोणी शोधते का जी? तो तं असतेच.”

त्या हिशेबाने त्यांच्या आजीची आजी फॉरसिथच्या आधी इथे येऊन गेली असू शकते. पुरावा म्हणून मी हे मांडत नाही. पण देवस्थानाच्या राखणीचा हक्क पिढीजात चालत आलेला होता, तो यात्रेशिवाय निर्माणच होत नाही. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथीमुळे सरकारला या यात्रेवर निर्बंध घालावे लागले, इतकी ती मोठी होती. रिकाम्या डोंगरात साथ पसरत नाही.

उद्यान झालं, मग?

१९७७ मध्ये पचमढी अभयारण्य झालं, १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान, १९९९ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र, आणि २००० मध्ये व्याघ्र प्रकल्प. गावात घराला एक खोली वाढवायची तरी परवानग्यांची रांग, हे तिथल्या लोकांचं जुनं दुखणं. दुसरीकडे, या बंधनांमुळेच पचमढीचं महाबळेश्वर झालं नाही, हेही तितकंच खरं. सागाच्या मुलुखात एकाकी उरलेली सालाची राई आणि मोठी शेकरू तिथे अजून आहेत.

पण जंगलाच्या आतली गावं उठली. धांईपासून सुरुवात झाली आणि मग एकामागून एक बरीच गावं बाहेर वसवली गेली. कुणी खुशीने गेले, त्यांना शाळा-दवाखाना जवळ मिळाला. कुणी अजून जुन्या गावाच्या देवाला वर्षातून एकदा नारळ द्यायला परवानगी मागतात. वाघांच्या दृष्टीने निर्णय फळला आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट हरवते आहे. ज्या वाटांनी चैनशहाची माणसं अप्पासाहेबांना घेऊन फिरली, त्या वाटांची नावं या गावांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होती. कुठला खोह, कुठली घाटी, कुठला झरा. वाट चालणारा नसला की दोन-तीन पावसाळ्यांत ती बुजते, आणि नाव सांगणारा गेला की कायमची जाते. इंग्रजांच्या सर्वेक्षणाच्या नकाशावर ती सगळी नावं नाहीत.

विदर्भातल्या मंडळांचंही तसंच. महादेवाची गाणी बायकांना तोंडपाठ आहेत, त्यांत वाटेवरची ठिकाणं क्रमाने येतात. म्हणजे ते गाणं हाच एक मार्गदर्शक नकाशा आहे. पण पुढची पिढी पिपरियाच्या रस्त्याने गाडीने येते, दर्शन घेते आणि संध्याकाळी परत. त्यांना दोष देत नाही, मीही गाडीनेच गेलो.

तेव्हा मंडळापुढे माझी सूचना साधी आहे. अन्नछत्रं चालवणाऱ्या मंडळांकडे जुन्या वह्या आहेत: शिध्याचा हिशेब, वर्गणीच्या याद्या, कुठल्या गावाहून किती माणसं आली त्याच्या नोंदी. मी अशा दोन वह्या चाळल्या आहेत. त्यांचे फोटो काढून ठेवायला हवेत. पुढच्या नागपंचमीला दोघा-तिघांनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन नागद्वारला यावं आणि गाण्यांतली स्थळनावं क्रमाने लिहून काढावीत. बाहेर वसवलेल्या गावांत जाऊन कोरकू आणि गोंड म्हाताऱ्यांकडून वाटांची नावं घ्यावीत. कोरकू भाषा जाणणारा माणूस बरोबर हवा, आपल्याला ती येत नाही. ही तीन कामं झाली की तिन्ही याद्या एकाच नकाशावर मांडता येतील. तो नकाशा काढायची जबाबदारी मी घेतो. बाकीच्या दोन कामांसाठी ज्यांना यायचं आहे त्यांनी आषाढ लागायच्या आत कळवावं, म्हणजे वनखात्याच्या परवानगीचा अर्ज वेळेत देता येईल. पावसाळी बूट आणि काठी स्वतःची आणावी, पिठलं-भाताची सोय तिथे आहे.